ओहोटीच्या वेळी कातळावर: खडकाळ किनाऱ्यावरील जीवसृष्टी पाहू इच्छिणाऱ्या नवख्यांसाठी

समुद्रकिनारा म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुळण येते. वाळूत चालावे, सूर्यास्त पाहावा, शहाळे पिऊन परतावे, एवढाच कार्यक्रम असतो आणि पुळणीच्या टोकाला पसरलेला काळा, खरखरीत, शेवाळलेला कातळ पाय घसरण्याची जागा म्हणून टाळला जातो. खरे पाहता सागरी प्राण्यांची विविधता पाण्यात न उतरता पाहायची असेल, तर तो टाळलेला कातळच गाठायला हवा. वाळू सतत सरकत असल्यामुळे तिच्या पृष्ठभागाला चिकटून राहणे कोणत्याच जिवाला जमत नाही आणि तिथले बहुतेक प्राणी आत पुरून घेऊन राहतात. खडक मात्र जागचा हलत नाही. त्याच्या प्रत्येक कपारीत कोणी ना कोणी ठाण मांडलेले असते, आणि ओहोटीनंतर त्याच्या खळग्यांत साचून राहिलेल्या पाण्यात हे प्राणी आपले नेहमीचे व्यवहार आपल्यासमोर उघडपणे चालू ठेवतात.

हा लेख मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर अशी डबकी पहिल्यांदाच पाहायला जाणाऱ्यांसाठी आहे. त्यासाठी जीवशास्त्राची पदवी लागत नाही आणि महागडी साधनेही लागत नाहीत. भरती-ओहोटीचा हिशेब आणि एका जागी बसून राहण्याची चिकाटी या दोन गोष्टी पुरतात. नवखे लोक निराश होऊन परततात ते बहुधा यांपैकी एकीच्या अभावी: एकतर ते चुकीच्या वेळी गेलेले असतात, नाहीतर योग्य वेळी जाऊनही तासाभरात सारा कातळ पायाखाली घालून आलेले असतात.

आधी वेळ ठरवावी, मग जागा

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे आज ज्या वेळी ओहोटी आहे त्याच्या सुमारे ५० मिनिटे उशिरा ती उद्या येते. परंतु प्रत्येक ओहोटी आपल्या कामाची नसते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास, विशेषतः त्यांच्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एकाच रेषेत येऊन उधाण येते. उधाणाला पाणी जितके वर चढते तितकेच ते खालीही उतरते, आणि एरवी पाण्याखाली राहणारा कातळ उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास असलेल्या भांगाच्या दिवसांत पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. त्या दिवसांत जाण्यात अर्थ नाही.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, जे येईल ते भरतीचे तास समजावेत. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. या हिशेबाने पौर्णिमेची भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि ओहोटी सव्वापाचच्या सुमारास येते. दिनदर्शिका पाहून महिन्याचा बेत आखायला हा अंदाज उत्तम आहे. मात्र प्रत्यक्ष जाण्याच्या दिवशी त्यावर विसंबू नये, कारण खाडीचे मुख, किनाऱ्याचा आकार आणि ठिकाणाचे अक्षांश यांनुसार वेळ पुढेमागे होते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, आणि तीच माहिती आता अनेक संकेतस्थळांवर व मोबाइलवरील ॲपांवर सहज मिळते.

कोष्टकात वेळेबरोबर पाण्याची उंचीही मीटरमध्ये दिलेली असते, आणि नवखे लोक नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. मुंबईच्या कोष्टकात ओहोटीची उंची अर्धा मीटर किंवा त्याहून कमी दिसली तर तो दिवस राखून ठेवावा. दीड-पावणेदोन मीटर दिसली तर त्या दिवशी घरीच थांबावे. दक्षिणेकडे जाताना भरती-ओहोटीतला फरक कमी होत जातो. मुंबईत उधाणाला तो चार मीटरच्याही वर जातो, तर गोव्याच्या बाजूला तो दोन मीटरच्या आसपासच असतो. त्यामुळे मुंबईचा अर्ध्या मीटरचा निकष मालवणला किंवा गोव्यातल्या हणजुण्याला (अंजुना) जसाच्या तसा लावू नये. तिथे त्या महिन्यातली सर्वांत खालची ओहोटी कोणती, एवढेच पाहावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. हिवाळ्यात खालची ओहोटी बहुधा संध्याकाळकडे असते, तर उन्हाळ्याकडे झुकताना ती पहाटे व सकाळी येऊ लागते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत चतुर्दशी-पौर्णिमेची संध्याकाळ निवडावी, म्हणजे अंधार पडण्याआधी तास-दीड तास मिळतो. एप्रिल-मे महिन्यांत उधाणानंतरच्या द्वितीया-तृतीयेची सकाळ निवडावी, म्हणजे ऊन तापण्याआधी काम उरकते. जून ते सप्टेंबर या काळात कातळावर जाऊच नये. पावसाळी लाटांना ओहोटीचे वेळापत्रक ठाऊक नसते, आणि शेवाळामुळे खडकावर पाय ठरत नाही. पहिल्या फेरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत बरा वाटतो: समुद्र शांत असतो, पाणी त्यामानाने निवळलेले असते आणि खडकांवर शेवाळांची वाढ भरात असते.

जागा निवडताना

मुंबईत वांद्र्याचे बँडस्टँड व कार्टर रोड, हाजी अलीचा परिसर आणि मलबार हिलच्या पायथ्याचा किनारा येथे ओहोटीला मोठा कातळ उघडा पडतो. शहराचे सांडपाणी जिथे समुद्राला मिळते तिथे इतके जीव कसे तग धरून राहतात याचे नवल वाटते. पण ते राहतात. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा मुंबईच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे ही गोष्ट बातम्यांमधून सर्वांपुढे आली. मुंबईबाहेर हरिहरेश्वर, रत्नागिरीच्या आसपासचे खडकाळ किनारे, कुणकेश्वर, मालवण आणि गोव्यात हणजुणे ही ओळखीची ठिकाणे आहेत. मालवणचा काही भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे, तेव्हा तिथे जाण्याआधी वन विभागाचे नियम विचारून घ्यावेत. गुजरातेत जामनगरजवळ नरारा येथे ओहोटीला प्रवाळाच्या पट्ट्यावरून चालत जाता येते, परंतु तो सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तिथे परवाना काढावा लागतो.

पहिल्यांदा जाताना एकट्याने जाऊ नये. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरील फेऱ्या आयोजित करत आला आहे; अशा एका फेरीत जाणत्या डोळ्यांबरोबर फिरल्याने जे कळते ते पुस्तकांतून कळायला फार वेळ लागतो. गावच्या किनाऱ्यावर असाल तर कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले खाण्याचे शिंपले, काढायला आलेल्या बायकांना विचारावे. कोणत्या घळीत आधी पाणी भरते, कुठला खडक निसरडा आहे, परतीची वाट कोणती, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही. मात्र त्या तिथे पोटासाठी आलेल्या असतात आणि त्यांच्याही हाती ओहोटीचे तेवढेच तास असतात, याची जाण ठेवून बोलावे. त्यांच्या टोपलीत हात घालून छायाचित्रे काढत बसू नये.

काय न्यावे, काय नेऊ नये

पायांत तळव्याला चांगली पकड असलेले, बोटे झाकणारे, भिजले तरी चालतील असे बूट असावेत. स्लिपर घालून किंवा अनवाणी कातळावर जाणे हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात आणि त्यांनी झालेली जखम सहजी भरत नाही. डोक्यावर टोपी, पिण्याचे पाणी, मोबाइलसाठी पाणी न शिरणारे पाकीट, कपारीत डोकावण्यासाठी लहान विजेरी, जखम धुण्याचे व बांधण्याचे साहित्य आणि एक वही एवढे सामान पुरे आहे. पाण्यावरची चमक कमी करणारा पोलराइज्ड चष्मा असेल तर डबक्याचा तळ पुष्कळ स्पष्ट दिसतो.

जाळी, बादली आणि बरणी घरीच ठेवावी. हातमोजेही घालू नयेत असे माझे मत आहे. हातमोजे घातले की माणसाला नको तिथे हात घालण्याचे धैर्य येते.

कातळाचे मजले

कोष्टकातील ओहोटीच्या वेळेआधी साधारण दीड-दोन तास किनाऱ्यावर पोहोचावे आणि उतरत्या पाण्यामागून सावकाश खाली जावे. असे उतरताना कातळ एकसारखा नाही, त्याचे आडवे पट्टे आहेत, हे ध्यानात येते. सर्वांत वर, जिथे एरवी केवळ लाटांचे तुषार पोहोचतात, तिथे लहानलहान शंखांच्या गोगलगायी खडकाच्या भेगांत गर्दी करून बसलेल्या असतात. त्या शंखाचे तोंड झाकणाने घट्ट मिटून आतला ओलावा तासन्‌तास धरून ठेवतात. त्याखाली बार्नॅकल हे खडकाला चिकटून राहणारे कवचधारी प्राणी आणि कालवे यांचा खरखरीत पट्टा लागतो. आणखी खाली शेवाळ, स्पंज, झोअँथिड या प्रवाळाच्या नात्यातल्या प्राण्यांच्या गाद्या आणि क्वचित प्रवाळ.

हे पट्टे का पडतात याचे ढोबळ उत्तर असे आहे की वरची मर्यादा उन्हाने आणि कोरडेपणाने ठरते, तर खालची मर्यादा बहुतेक वेळा शेजाऱ्यांनी आणि भक्षकांनी ठरवलेली असते. बार्नॅकलला खाली राहायला काहीच हरकत नसते. पण तिथे त्याला खाणारे शंख अधिक असतात आणि जागेसाठी चढाओढही अधिक असते.

डबक्यांचेही असेच आहे. वरच्या पट्ट्यातले डबके उतरत्या पाण्यापासून लवकर तुटते आणि दीर्घकाळ उन्हात राहते. त्यातले पाणी तापते, वाफ होऊन खारटपणा वाढतो आणि अवकाळी पाऊस पडला तर तोच खारटपणा एकदम उतरतो. रात्री शेवाळ प्राणवायू सोडत नाही, उलट वापरते, त्यामुळे लहान डबक्यात पहाटेपर्यंत प्राणवायूचा तुटवडा होतो. अशा ठिकाणी मोजकेच चिवट प्राणी राहतात. म्हणून वरच्या डबक्यांपाशी फार वेळ घालवू नये; पाण्याच्या रेषेच्या जवळचे, गुडघ्याएवढे किंवा त्याहून उथळ, बाजूंना कपारी असलेले आणि तळाशी थोडी वाळू व शेवाळ असलेले एक डबके निवडावे.

एका डबक्यापाशी बसावे

डबक्याजवळ जाताना आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूने जावे. सावली पडताच लहान मासे आणि कोळंब्या कपारीत पसार होतात आणि पाहणाऱ्याला डबके रिकामे वाटते. कोरडा, भक्कम खडक पाहून बसावे आणि किमान पंधरा मिनिटे काहीही करू नये. पहिल्या पाच मिनिटांत काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो, आणि तो शंख गोगलगायीच्या मानाने फारच लगबगीने चालतो आहे हे जाणवते. तो संन्यासी खेकडा असतो. त्याचे पोट मऊ आणि उघडे असल्यामुळे तो मेलेल्या गोगलगायीच्या शंखात राहतो आणि अंगाने वाढला की मोठा शंख शोधतो. किनाऱ्यावरचे रिकामे शंख घरी नेऊ नयेत असे सांगतात त्यामागचे कारण त्याच्याकडे पाहून पुरते पटते.

बार्नॅकल कोरड्या खडकावर पाहिले तर दगडाचाच एक खवला वाटते, आणि त्याला शिंपल्यांचा भाऊबंद समजण्याची गफलत सर्रास होते. तो खेकडे-कोळंबीच्या कुळातला प्राणी आहे. पिलू असताना तो पाण्यात मुक्त पोहतो, मग योग्य खडक पाहून डोक्याच्या बाजूने स्वतःला कायमचे चिकटवून घेतो, भोवती चुनखडीच्या भिंती उभारतो आणि उरलेले सारे आयुष्य पाय बाहेर काढून, पाण्यातले सूक्ष्म अन्न आत ओढून जगतो. डबक्यातल्या बुडालेल्या बार्नॅकलवर नजर स्थिर ठेवली तर त्याची झडप उघडते आणि पिसासारखे पाय लयीत बाहेर येऊन आत जाताना दिसतात. यासाठी भिंगाचीही गरज नसते. नवख्याने पहिल्या फेरीत एवढे एक जरी नीट पाहिले, तरी फेरी वाया गेली असे मी म्हणणार नाही.

जवळच टोपीच्या आकाराचे लिंपेट आणि पाठीवर आठ पट्ट असलेले कायटन खडकाला घट्ट चिकटलेले आढळतील. दोघेही दातेरी जिभेने खडकावरचे शेवाळ खरवडून खातात. कायटनच्या दातांत चक्क मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते. लिंपेटच्या काही जाती चरून झाल्यावर खडकावरच्या आपल्या नेमक्या जागी परत येतात, कारण तिथे त्यांच्या शंखाची कड खडकाशी तंतोतंत जुळलेली असते. त्यांना नखाने उपसून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. जोर लावून काढलेला लिंपेट जखमी होतो, आणि पुन्हा खडकावर ठेवला तरी तो नीट चिकटेलच याची खात्री नसते.

सी ॲनिमोन पाण्यात असताना आपले शुंडक, म्हणजे तोंडाभोवतीचे मऊ बोटांसारखे अवयव, पसरून बसलेला असतो आणि फुलाचा भास होतो. पण तो मांसाहारी प्राणी आहे आणि त्याच्या शुंडकांवर दंशपेशी असतात. पाण्याबाहेर उरलेला ॲनिमोन मात्र स्वतःला मिटून घेतो आणि अंगाला वाळूचे, शिंपल्यांचे कण चिकटवून घेऊन ओल्या गोळ्यासारखा पडून राहतो. असे गोळे पायाखाली सहज येतात, म्हणून चालताना ओल्या, मऊ दिसणाऱ्या कोणत्याही भागावर पाय न देता कोरड्या, उघड्या खडकावरच पाय द्यावा. हा नियम पायाखालच्या जिवांसाठी जितका उपयोगाचा आहे तितकाच आपल्या माकडहाडासाठीही.

डबक्यातले मासे बहुधा बोटभर लांबीचे गोबी किंवा ब्लेनी असतात. त्यांचा रंग खडकाशी इतका मिळताजुळता असतो की ते हलल्याशिवाय दिसत नाहीत. बाथिगोबियस वंशाच्या गोबींबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ॲरनसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की या वंशातील एक जात भरतीच्या वेळी कातळावरून पोहताना खळग्यांच्या जागा ध्यानात ठेवते आणि ओहोटीला संकट आले तर एका डबक्यातून न दिसणाऱ्या शेजारच्या डबक्यात अचूक उडी मारते. ती जात अटलांटिक महासागरातली असली तरी याच वंशाचे मासे आपल्या किनाऱ्यावरही आहेत, तेव्हा डबक्यातला मासा एकाएकी उडी मारून नाहीसा झाला तर आंधळी उडी मारली असे समजू नये.

कान उघडे ठेवावेत. खालच्या पट्ट्यात दगडांखालून मधूनच टिचकी मारल्यासारखा स्पष्ट आवाज येतो. तो पिस्तूल कोळंबीचा असतो. तिचा एक नांगा दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि तो झटकन मिटला की पाण्याचा फवारा सुटून त्यात एक बुडबुडा तयार होतो. आवाज नांग्याचा नसून तो बुडबुडा फुटण्याचा असतो, हे २००० साली सिद्ध झाले. तोवर नांगा आपटण्यानेच आवाज होतो असा सर्वसाधारण समज होता.

शेवाळात रंगीत, मऊ, शंख नसलेली समुद्री गोगलगाय सापडली तर तो दिवस चांगला गेला असे समजावे. या न्युडिब्रँक गोगलगायी पुष्कळदा नखाएवढ्याच असतात, त्यामुळे त्या शोधण्यापेक्षा त्यांचे अन्न शोधणे सोपे: स्पंज आणि हायड्रॉइड (ॲनिमोनच्या नात्यातले, झुडपासारखे दिसणारे लहान प्राणी) जिथे आहेत तिथे नजर रोखावी. त्यांच्यातल्या काही जाती दंशपेशी असलेले प्राणी खाऊन त्याच पेशी स्वतःच्या पाठीवर संरक्षणासाठी साठवतात. शेवाळाला किंवा खडकाला चिकटलेली पांढरी, पिवळी, गुंडाळलेल्या फितीसारखी रचना दिसली तर ती त्यांची किंवा इतर शंखप्राण्यांची अंडी असण्याची शक्यता फार. ऑक्टोपसही या किनाऱ्यावर आहे, पण नवख्याला तो दिसण्याआधी त्याला नवखा दिसलेला असतो. कपारीच्या तोंडाशी खेकड्यांच्या कवचांचे आणि शिंपल्यांचे तुकडे साठलेले दिसले तर आत कोणीतरी राहत आहे असे धरून लांब बसावे.

दगड उलटवून पाहावेत का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. पहिल्या काही फेऱ्यांत मुळीच उलटवू नयेत, असे माझे उत्तर आहे. दगडाखाली राहणारे प्राणी सावली आणि ओल यांच्या भरवशावर तिथे असतात. उलटा टाकलेला दगड तापतो, आणि त्याच्या वरच्या बाजूचे शेवाळ खाली दबून कुजते, म्हणजे दोन्ही अंगांची वस्ती एका हिसक्यात जाते. पुढे अनुभव आल्यावरही एका हाताने सहज उचलता येईल असाच दगड किंचित वर करावा, क्षणभर पाहावे आणि होता तसाच, त्याच तोंडाने अलगद ठेवावा.

कशाला हात लावू नये

आपल्या किनाऱ्यावर जीवघेणे प्राणी पावलोपावली नाहीत, तरीही काहींची ओळख आधीच करून घ्यावी. निमुळत्या, शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा शंख दिसला तर तो कितीही मोहक असला तरी उचलू नये. कोन शंखातली गोगलगाय भाल्यासारख्या पोकळ दाताने विष टोचते, आणि त्या विषावर उतारा म्हणून कोणतेही प्रतिविष उपलब्ध नाही. खालच्या पट्ट्यात हिरवट-तपकिरी रंगाच्या, चामड्यासारख्या दिसणाऱ्या झोअँथिडच्या गाद्या पसरलेल्या असतात. त्यांतल्या पॅलिथोआ वंशाच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष आढळते. हाताला जखम असताना त्यांना स्पर्श होऊ देऊ नये आणि तेच हात डोळ्यांना लावू नयेत. चपट्या शेपटीचा साप डबक्यात अडकलेला आढळला तर तो विषारी समुद्री साप आहे असे समजून दूर व्हावे, मेलेला वाटला तरीही.

खडकांच्या मधल्या वाळूत पाकट (शेपटीवर विषारी काटा असलेला चपटा मासा) पुरून बसलेला असू शकतो. २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनासाठी पाण्यात उतरलेल्या अनेकांना पाकटांनी दंश केले होते, ते पुष्कळांना आठवत असेल. गढूळ, उथळ पाण्यातून जावेच लागले तर पाऊल उचलून न टाकता तळाशी घासत पुढे सरकवावे, म्हणजे पाकट चाहूल लागून निघून जातो. दंश झालाच तर जखमेचा भाग सोसवेल इतक्या, म्हणजे ४० ते ४५ अंश सेल्सियस तापमानाच्या, गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. परंतु काटा आत तुटून राहिला असेल तर तो स्वतः उपसू नये आणि रुग्णालयात जाण्यास उशीर करू नये. निळ्या फुग्यासारखे दिसणारे ब्लूबॉटल मुख्यतः पावसाळ्यात किनाऱ्यावर वाहून येतात. वाळून पडलेल्या ब्लूबॉटलचेही तंतू डंख मारतात. तंतू अंगाला लागले तर चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये; काडीने किंवा चिमट्याने अलगद काढून समुद्राच्याच पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

हे सारे खरे असले तरी खडकाळ किनाऱ्यावर माणसे दगावतात ती विषाने नव्हे, पाण्याने. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी जाऊ नये अशी सूचना असूनही तिथे माणसे लाटेने ओढली गेली आहेत. भरती समोरून चढत येते असे आपण गृहीत धरतो, पण कातळातल्या घळी आधी भरतात आणि त्या बहुधा आपल्या पाठीमागे असतात. शिवाय पाणी एकाच वेगाने चढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्साच चढतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, आणि तिसऱ्या व चौथ्या तासात मात्र तीन-तीन हिस्से. मुंबईत चार मीटरचा फरक असलेल्या दिवशी याचा अर्थ असा होतो की पहिल्या तासात जेमतेम एक फूट पाणी वाढलेले पाहून निर्धास्त झालेल्या माणसाच्या भोवती पुढच्या तीन तासांत अडीच मीटरहून अधिक पाणी चढते. म्हणून कोष्टकातली ओहोटीची वेळ हीच परत फिरण्याची वेळ धरावी. मोबाइलवर तिचा गजर लावावा, कारण डबक्यात डोके घातलेल्या माणसाला वेळेचे भान राहत नाही. समुद्राकडे पाठ करून बसू नये, लहान मुलांना घळीच्या काठाशी जाऊ देऊ नये, आणि भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने उंच लाटांचा इशारा दिला असेल तर ओहोटी कितीही खाली असली तरी बेत रद्द करावा.

कायदा आणि रीत

सर्व कठीण प्रवाळ, समुद्रकाकड्या आणि समुद्री घोडे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वाघासारखेच पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि काही शंखांच्या जातीही या कायद्याखाली येतात. त्यामुळे ‘एवढासा तुकडा शोभेसाठी नेला’ ही सबब चालत नाही. कोणती जात संरक्षित आहे हे नवख्याला ओळखता येणे अवघड असल्याने सोपा मार्ग असा की जिवंत, मेलेले, रिकामे असे काहीही उचलून आणू नये. प्राणी एका डबक्यातून दुसऱ्यात हलवू नयेत आणि छायाचित्रासाठी त्यांना पाण्याबाहेर काढू नये. त्वचेवर सनस्क्रीन लावले असेल तर डबक्यात हात बुडवू नये, कारण एवढ्याशा पाण्यात ते मिसळले तर भरती येईपर्यंत बाहेर जायला वाट नसते. परतताना प्लास्टिक उचलून आणणे चांगलेच, मात्र शेवाळ किंवा ॲनिमोन वाढलेल्या जाळ्याला ओढू नये. ते आता कोणाचे तरी घर झालेले असते.

परत आल्यावर

मुंबईच्या किनाऱ्यावरून आल्यास हातपाय साबणाने स्वच्छ धुवावेत आणि कालवाने झालेला बारीक ओरखडाही जंतुनाशकाने साफ करावा. धनुर्वाताची लस घेऊन बराच काळ लोटला असेल तर डॉक्टरांना विचारावे, आणि जखम लाल होऊन सुजू लागली तर थांबून राहू नये. वहीत तारीख, तिथी, ठिकाण, ओहोटीची वेळ व उंची आणि ज्या डबक्यापाशी बसलो त्याचे वर्णन त्याच दिवशी लिहावे. पुढच्या उधाणाला पुन्हा त्याच डबक्याशी जाता आले तर काय बदलले ते कळते, आणि ऋतूनुसार शेवाळ कसे येते-जाते हेही हळूहळू उलगडते.

छायाचित्रे आयनॅचरलिस्टसारख्या, जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑनलाइन मंचावर टाकल्यास जाणकार ओळख पटवून देतात. त्यासाठी एकाच प्राण्याची वरून, बाजूने आणि भोवतालच्या जागेसह अशी दोन-तीन छायाचित्रे असावीत. ओळख पटली नाही तरी नोंद ठेवावी. आपल्या किनाऱ्यावरच्या मऊ अंगाच्या कित्येक प्राण्यांची जात केवळ छायाचित्रावरून ठरवताच येत नाही, आणि वंशापर्यंतची ओळखही उपयोगाची असते.

फेरीत जखमी कासव किंवा किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन आढळला तर त्याला पाण्यात ढकलण्याची घाई करू नये. असा प्राणी बहुधा आजारी किंवा थकलेला असतो आणि पुन्हा लाटेबरोबर खडकावर आपटतो. कासवावर सावली धरावी, ओले फडके पाठीवर टाकावे, पण नाक-तोंड झाकू नये; डॉल्फिनच्या डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी जाणार नाही याची काळजी घ्यावी. गर्दी हटवावी आणि महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. राज्यात सागरी जीवांचे काम वन विभागाचा कांदळवन कक्ष पाहतो, आणि दूरध्वनी करताना जवळचे ठळक ठिकाण व पुढच्या भरतीची वेळ सांगितल्यास मदतपथकाला हाती किती वेळ आहे ते लगेच कळते.